आंबील कोण करणार?

सकाळी पावणेसहाला आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो. उगवता सूर्य, त्याखाली कमळ, कमळाखाली सल्ला. सोमवारी कोमट पाण्यात हळद, मंगळवारी लिंबू-मध, बुधवारी रात्रभर भिजवलेल्या मेथ्या, गुरुवारी दुधीचा रस, शुक्रवारी नाचणीची आंबील. पाठवणारे निवृत्त सद्गृहस्थ आणि खाली अंगठा दाखवणारेही निवृत्त सद्गृहस्थच. मेथ्या भिजत घालणारी, दुधी किसून पिळणारी, पातेलं घासणारी या ग्रुपमध्ये नाही. असली तरी त्या वेळी तिचा हात मोकळा नसतो.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय 67. हायस्कूलमध्ये 31 वर्षं विज्ञान शिकवलं आणि नऊ वर्षांपूर्वी मला साखर निघाली. साखर कारखान्यांच्या मुलखात राहून साखर निघाली यात विशेष काही नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेह असलेल्यांचा आकडा 10 कोटींच्या वर गेला होता. त्यातली मी एक. साखर निघाल्याचं कळलं त्या दिवसापासून नात्यातल्या, शेजारच्या, भाजीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या, सगळ्यांच्याच तोंडून मला उपाय फुटायला लागले. गेल्या नऊ वर्षांत मला जेवढे सल्ले मिळाले त्यांच्या बदल्यात कुणी एकदा माझी भांडी घासून दिली असती, तर माझी साखर आज आटोक्यात असती असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि आमराईत फिरायला जायला लागले. चांगली गोष्ट आहे. आमराई सुंदर आहे, झाडं जुनी आहेत, माणसं गप्पिष्ट आहेत. पहाटे पाचला गजर होतो, मी उठते, ह्यांचं कोमट पाणी ठेवते, हे बूट घालतात, जातात. साडेसातला घामेजून परत येतात तेव्हा चेहऱ्यावर असं तेज असतं की जणू कृष्णा उलटी वाहवून आलेत. मग सोफ्यावर बसून फोन बघतात. "आज दहा हजार सातशे झाली गं." आणि मग, फोनमधून मान वर न करता, "आंबील झाली का?"

त्या दहा हजारांचं एकदा सांगून टाकते, कारण हा आकडा आमराईत आता वेदवाक्यासारखा म्हणतात. टोकियो ऑलिम्पिक 1964 साली झालं, त्याच्या पुढच्या वर्षी जपानमधल्या यामासा नावाच्या कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल होता, कानाला बरा लागत होता, यंत्र खपलं. कुठल्या डॉक्टरनं माणसं तपासून तो ठरवलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं घामाघूम न होता पण दम लागेल असं चाला म्हणते, ते पुरतं. हे मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू उगीच प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस." मी म्हटलं, मी दिवसभरात स्वयंपाकघर, गॅलरी, गच्ची आणि जिना मिळून किती चालते ते तुमच्या त्या घड्याळात एकदा बघूया. घड्याळ त्यांनी दिलं नाही. चार्ज होत होतं म्हणे.

सल्ल्यातली विज्ञानाची चूक मी एक वेळ माफ करीन. सल्ला देणारा कष्टांचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो, ते मात्र मला माफ होत नाही. 'घरचं ताजं खा' म्हणणाऱ्यानं ताजं म्हणजे किती वाजता उठून, हे कधी बोलून दाखवलं आहे का? 'मैदा सोडा, ज्वारी-बाजरीकडे वळा' असं म्हणणाऱ्याच्या घरात भाकरी कोण थापतं? चपात्या सकाळी करून डब्यात भरता येतात. भाकरी तव्यावरून ताटातच यावी लागते, नाहीतर तासाभरात तिचं चामडं होतं. म्हणजे घरात चार माणसं चार वेळेला जेवत असतील तर बाई चार वेळा परातीपाशी. 2023 हे तृणधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीला श्रीअन्न म्हणाले, शहरांत ज्वारीच्या पिठाची चकचकीत पाकिटं आली. माण-खटाव, जत, आटपाडी या आमच्या दुष्काळी पट्ट्यात मालदांडी शाळू पिढ्यान्‌पिढ्या पिकतो आणि तो पूर्वी गरिबाचं जेवण म्हणून हिणवला जायचा. रेशनच्या दुकानानं लोकांना गहू-तांदळाची सवय लावली. आता ज्वारी महाग झाल्यावर त्याच गरिबाला सांगायचं, बाबा रे, भात कमी कर, ज्वारी खा. मोठी गंमत आहे.

आता बाकीचे उपाय. विज्ञानाची बाई असल्यामुळे मला गप्प बसवत नाही.

हळद आमची. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपुरात जमिनीखाली पेवं खणून त्यात वर्षानुवर्षं हळद साठवायचे, 2005 च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. लहानपणी त्या वाटेनं गेलं की नाकात हळद बसायची. त्यामुळे हळदीचा अभिमान मला कुणी शिकवू नये. पण हळदीतल्या ज्या घटकाची एवढी वाहवा चालते तो कर्क्युमिन हळदीत साधारण तीन टक्के असतो आणि त्यातला फार थोडा रक्तात उतरतो. भाजीत घाला, जखमेवर दाबा, लग्नात लावा. ती दुधात घालून प्यायल्यानं साखर उतरेल या आशेवर माझ्या एका ओळखीच्या बाईंनी गोळ्या बंद केल्या होत्या. पुढं काय झालं ते सांगत बसत नाही, त्यांच्या पायाचं एक बोट आता नाही.

गूळ. सांगली-साताऱ्याच्या रस्त्यावर आता हाकेच्या अंतरावर 'गुळाचा चहा' अशा पाट्या दिसतात. फिरून आलेली मंडळी तिथं थांबतात. "साखर बंद केलीय, गुळाचा घेतो." अहो, एकाच उसाचा रस. तो कारखान्यात गेला की साखर आणि गुऱ्हाळात गेला की गूळ. गुळात थोडं लोह, थोडे क्षार उरतात हे खरं, पण बाकी बहुतेक सगळं तेच सुक्रोज. स्वादुपिंडाला गुऱ्हाळ आणि कारखाना यांतला फरक कळत नाही.

दुधीचा रस. यावर हसत नाही, कारण हा जिवावर बेततो. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाचं विष असतं. रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. दिल्लीत 2010 साली असा रस पिऊन एक शास्त्रज्ञ दगावले होते. म्हणजे शिकलेला माणूस, आणि तरीही 'औषध कडूच असतं' म्हणून प्यायला. दुधीची एक फोड आधी जिभेवर ठेवा. कडू लागली तर अख्खा दुधी फेका. आमच्या ग्रुपवर मी हे लिहिलं, त्याला एकही अंगठा आला नाही. त्याच संध्याकाळी दुधीच्या रसानं हृदयातले अडथळे विरघळतात असा मेसेज आला, त्याला एकोणीस आले.

पण माझं डोकं खरं फिरवलं ते एका वेगळ्याच मेसेजनं. 'पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, म्हणून त्यांची बाळंतपणं घरी सुखरूप व्हायची. आजच्या मुलींना मिक्सर लागतो, म्हणून सिझेरियन लागतं.' खाली नऊवारीतल्या, जात्यापाशी बसून हसणाऱ्या बाईचं चित्र.

माझी थोरली मावशी जात्यावर दळायची. माण तालुक्यातलं गाव, विहीर पाऊण कोस लांब. तिसऱ्या बाळंतपणात दोन दिवस अडली. बैलगाडी जोडली तोवर उशीर झाला. ती कुठल्याच चित्रात हसत नाही, कारण तिचा फोटोच नाही. 1946 साली भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यात दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण वीस आया मरत असा अंदाज आहे, आणि 1921 ते 1931 या काळातलं सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर दिलं आहे. सगळ्या जात्यांसकट, सगळ्या साजूक तुपासकट सत्तावीस. 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्रात लाख जन्मांमागे मातामृत्यू 33 होते. हजारी वीस म्हणजे लाखाला दोन हजार. तिथून आपण तेहतीसवर आलो ते लस, रक्त, दवाखाना, रस्ता आणि शिकलेली नर्स यांच्या जोरावर. ज्याला जातं एवढं आवडतं त्यानं ते घरी आणावं आणि स्वतः ओढावं. दोन पायली दळून झाल्यावर मग मेसेज करावा.

आता तुम्ही म्हणाल, बाई चिडखोर आहेत, यांना व्यायामाचंच वावडं. तसं नाही. उलट मी ज्या घरात वाढले त्या घरात आरोग्याचा सल्ला थेट राजाकडून आलेला होता.

माझे वडील औंधच्या शाळेत शिकले. सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं औंध. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचं संस्थान. एक तुकडा इथं, एक तिथं, आटपाडी आणि कुंडलही त्यांचंच. म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा भाग. तेव्हा सांगलीकरांनी ही साताऱ्याची गोष्ट म्हणून कानाडोळा करू नये. राजे आधी सँडो या पाश्चात्य व्यायामपटूच्या पद्धतीनं व्यायाम करायचे, मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून सूर्यनमस्काराकडे वळले आणि असे वळले की संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना नमस्कार सक्तीचे केले. 1928 साली इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढं लंडनच्या लुईस मॉर्गन या पत्रकारबाईच्या मदतीनं 1938 मध्ये विलायतेत दुसरं आलं. आरोग्य, कार्यक्षमता, दीर्घायुष्य, सगळ्याची हमी. आज जगभर योगाच्या वर्गात जे सूर्यनमस्कार घालतात त्याच्या प्रसारात या आमच्या खेडवळ संस्थानाचा मोठा हात आहे, हे तिकडच्या फार थोड्यांना ठाऊक असेल. औंधलाच पंडित सातवळेकर राहत होते. तेही योगासनांवर लिहीत, आणि 1867 ते 1968 असं शंभरी ओलांडून जगले.

राजाची हमी मी शब्दशः घेत नाही. नमस्कार घातल्यानं सगळे रोग जातात असं मानायला मी तयार नाही, आणि उपाशी पोरानं नमस्कार घातले तर त्याची भूक वाढते, एवढंच होतं. पण एक गोष्ट त्या माणसाला कळली होती, जी आजच्या सल्लागारांना कळत नाही. त्यानं सल्ल्याबरोबर वेळ दिला. शाळेच्या वेळापत्रकात तास दिला, पटांगण दिलं. यंत्र नाही, फी नाही, अंगापुरती जागा पुरे. पोरानं ते घरचं काम टाकून करायचं नव्हतं, शाळेतच करायचं होतं. आणि स्वतः राजा ते रोज करायचा. 1939 साली याच माणसानं गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती देणारी घटना केली हे योगायोगानं घडलं नसावं. लोकांच्या अंगात बळ यावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला त्यांच्या हातात सत्ता देण्याचं भय वाटत नसावं. असो.

वडिलांनी ती सवय ऐंशीपर्यंत सोडली नाही. पहाटे पन्नास नमस्कार. आम्हा भावंडांना उठवून रांगेत उभं करायचे. फार शिस्तीचे, फार आदरणीय. आणि आई? आई चारला उठायची. वडिलांच्या नमस्कारानंतरच्या अंघोळीसाठी बंब पेटवायची. नमस्कारानंतरचं दूध तापवायची. त्यांचा पंचा वाळत घालायची. त्यांच्या पन्नास नमस्कारांना तिची चूल लागायची. एकदा मी वडिलांना विचारलं, आई का नाही घालत? ते मनापासून म्हणाले, "तिला कशाला? तिला घरातला व्यायाम पुष्कळ होतो."

आई अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी गेली. तिचा रक्तदाब आयुष्यात एकदाही कुणी मोजला नव्हता. वडील त्यानंतर चोवीस वर्षं जगले, आणि गावात सगळे म्हणायचे, बघा, नमस्काराची किमया.

गेल्या हिवाळ्यात शिराळा तालुक्यातल्या एका गावात, माझ्या भाचीच्या सासरी, आरोग्य शिबिर होतं म्हणून गेले. जीवनशैलीतज्ज्ञ म्हणून एक गृहस्थ आले होते. बोलायला चांगले होते. त्यांचं सूत्र असं की सूर्यास्ताच्या आत जेवा, नऊला झोपा, पहाटे उठा, म्हणजे निम्मे आजार दारातूनच परत जातात. समोर सगळ्या बायकाच होत्या, पुरुष मागं उभे राहून तंबाखू मळत होते. भाषण संपल्यावर पुढच्या ओळीतली एक बाई उठली.

"सायेब, या आठवड्यात रातची लाइट हाय. धाला येती. मालक मळ्यात पाणी पाजाय जात्यात, पाटं तीन-चारला येत्यात. मग त्येंनी सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हंजी कवा, आन्‌ मी झोपायचं कवा?"

सायेब हसले. म्हणाले, "शक्य तेवढं करायचं, ताई." आणि एक छापील पत्रक दिलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतीच्या पंपाला वीज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची आली की माणूस बॅटरी घेऊन उसात शिरतो. पायाखाली साप, आणि शिराळा-कराडच्या बाजूला उसात बिबट्याही. बायको जागी असते, कारण झोप लागतच नाही. या माणसाचं झोपेचं शास्त्र सुधारायचं असेल तर महावितरणचं वेळापत्रक बदलावं लागेल, दिवसा वीज द्यावी लागेल. ते पत्रकात नव्हतं. पत्रकात 'झोपण्यापूर्वी मोबाइल टाळा' होतं.

असंच उसाचं. दिवाळीच्या आसपास कारखाने पेटतात आणि बीडकडच्या टोळ्या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत उतरतात. रस्त्याकडेला कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे फडात, संध्याकाळी मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत. एक दिवस अंग टाकलं तर खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांचाही खाडाच. 2019 साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तिची पावलं कुणी मोजत नाही. तिच्या डोक्यावरून गेलेल्या उसाची साखर बंद करून आम्ही गुळाचा चहा पितो आणि स्वतःला जागरूक म्हणवतो.

फळं खा, हाही एक लाडका सल्ला. 2010 साली युरोपनं आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशावरून अडवली आणि बागाईतदार बुडाले. तेव्हापासून निर्यातीच्या मालाची तपासणी फार कडक झाली. फार चांगलं झालं. माझा तासगावचा चुलतभाऊ त्या परीक्षेत पास होतो आणि त्याला त्याचा अभिमान आहे. मी त्याला विचारलं, तपासणीत नापास झालेला माल कुठं जातो रे? तो म्हणाला, "तायडे, तू मार्केटला जातीस की न्हाई?"

या सगळ्यात खरं काम कोण करतं ते मी गेल्या वर्षी आमच्या दारात पाहिलं. आशाताई, म्हणजे आशा स्वयंसेविका, आली. हातात फॉर्म आणि दर्जीचा असतो तसला टेप. तिशीच्या वरच्या प्रत्येकाची माहिती भरायची. तंबाखू खाता का, दारू पिता का, आठवड्यात चालता किती, घरात कुणाला साखर-रक्तदाब आहे का, आणि कंबर किती. टेप कंबरेभोवती. बायकांची ऐंशी सेंटिमीटरच्या वर गेली की गुण वाढतात, म्हणजे धोक्याचे. माझी एक्क्याण्णव भरली. तिनं काही उपदेश केला नाही. "ताई, उपकेंद्रात या, बीपी-शुगर फुकटात बघतात," एवढंच सांगितलं आणि शेजारच्या दारात गेली. पायात रबरी चप्पल. अशाच आशाताई 2024 च्या सुरुवातीला वाढीव मानधनाच्या आदेशासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. आपल्या मुलखात आरोग्यावर बोलणाऱ्याला शाल-श्रीफळ मिळतं आणि आरोग्य मोजणारीला धरणं धरावं लागतं.

तिच्या फॉर्ममधला तंबाखूचा प्रश्न मात्र मला फार शहाणा वाटला, कारण आमच्या कुठल्याही आरोग्य ग्रुपवर मी आजवर मिश्रीबद्दल एक अक्षर वाचलेलं नाही. सातारा-सांगलीच्या खेड्यांत जाऊन बघा. तंबाखू तव्यावर काळी होईस्तो भाजायची, वाटून पूड करायची, डबीत भरायची आणि दातांना लावत बसायची. नाव दंतमंजनाचं, काम तंबाखूचं. तोंडाचा कॅन्सर होतो, गर्भारपणात लावली तर बाळाचं वजन कमी भरतं. माझी आजी लावायची. मी विज्ञान शिकून आल्यावर तिच्याशी भांडले. ती म्हणाली, "बाय, मिश्री लावाय बसलं की तेवढी पाच मिनटं मला कुनी उठ म्हनत न्हाई."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. अजून नाही.

तर आंबील. मागच्या महिन्यात शुक्रवारी मी उठलेच नाही. आजारी नव्हते, फक्त उठले नाही. हे पाच वाजता दारात येऊन उभे राहिले. "बरं नाही का?" मी म्हटलं, बरी आहे, आज आंबील तुम्ही करा. मेसेज तुमच्याकडे आहेच. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग डबे उघडल्याचे आवाज. "अगं, नाचणीचं पीठ कुठलं? हे तपकिरी का ते?" तपकिरी. "पाणी किती?" मी गप्प. "उकळल्यावर पीठ घालायचं का आधी?" मी तरीही गप्प, कारण मेसेजमध्ये लिहिलं असणार. नव्हतं लिहिलेलं. रात्री ताकात पीठ भिजवायचं असतं हेही नव्हतं. उकळत्या पाण्यात त्यांनी कोरडं पीठ ओतलं, त्याच्या लाडवाएवढ्या गुठळ्या झाल्या, त्या त्यांनी रवीनं घुसळल्या, मीठ दोनदा पडलं. आमराईला त्या दिवशी सुट्टी.

सव्वासातला त्यांनी मला वाटी आणून दिली. खरं सांगते, मी ती सगळी प्यायले. त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'आज स्वहस्ते'. चौतीस अंगठे आले, दोघांनी हात जोडले, एकानं 'आदर्श पती' लिहिलं.

मग मी स्वयंपाकघरात गेले. पातेल्याच्या बुडाला आंबील करपून चिकटली होती. त्यांनी ते पाणी घालून सिंकमध्ये व्यवस्थित भिजत ठेवलं होतं. माझ्यासाठी.